वडिलांच्या नावे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती (नाशिक) : मदत हवी आहे

गोदाकाठची : नमस्कार मंडळी. आमचे आप्पा निफाड तालुक्यात बत्तीस वर्षं वार्ताहर होते. वार्ताहर म्हणजे पगारी नव्हे. सकाळी द्राक्षबाग, दुपारी बातमी. लासलगावच्या कांद्याचे भाव, पाण्याचा टँकर, उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं, सगळं त्यांच्याकडे. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचं, नाशिकला सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) कार्यालयाचा माणूस उचलायचा. पाकीट चुकलं की त्या रात्री जेवताना घरात कोणी बोलत नसे.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला भावकीतून निघालं, मंदिराला त्यांच्या नावाची फरशी बसवू. आई म्हणाली, फरशी नको, पोरांना द्या. आम्ही भावंडांनी ३ लाख बाजूला काढलेत. पैसे कॉलेजकडे ठेवावेत की स्वतःचा ट्रस्ट काढावा? आणि निवड कशावर करायची? भाऊ म्हणतो गुणांवर, म्हणजे वाद नको. मला ते पटत नाही. आप्पा स्वतः बारावीला एकदा नापास झाले होते!

हिशोबनीस : ताई, ३ लाखांसाठी ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. साडेसहा टक्के धरले तरी व्याज वर्षाला १९,५००, त्यातलं बरंचसं सीएच्या फीतच जाईल. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे कायम ठेव ठेवा, पण सगळं लेखी करून घ्या. मुद्दल मोडायची नाही. एखाद्या वर्षी लायक विद्यार्थी मिळाला नाही तर व्याज मुद्दलात जमा. आणि अभ्यासक्रमच बंद पडला तर ठेवीचं काय, हे तर आधी लिहून घ्या. लोक नेमकं तेच विसरतात. रक्कम चेकने द्या. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट देणारी नोंदणी) असलं तरी २,००० च्या वरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर चेकनेही मिळणार नाही.

सिन्नरकर : पत्रकारिता शिकवतो, म्हणून बोलतो. भावाला सांगा, गुणवाल्यांना बक्षिसं देणारे पुष्कळ आहेत. बऱ्याच मुलांची फी महाडीबीटीवरून (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून) थोडीफार सुटते, उशिरा का होईना. अडतं ते एसटीचं भाडं, मोबाइलचा रिचार्ज, रूमचं भाडं. त्यामुळे मुलं कॉलेज रोडवरच्याच बातम्या करतात. एक पानाचा प्रस्ताव मागवा : कुठल्या गावात जाणार, काय शोधणार, खर्च किती. निम्मे पैसे आधी, निम्मे बातमी हातात आल्यावर. सगळे आधी द्याल तर बातमी दिवाळीनंतर, कधी कधी पुढच्या दिवाळीनंतर.

२०२७ च्या सिंहस्थावर झाडून सगळे लिहिणार आहेत. साधुग्रामचे फोटो नकोत, असं आत्ताच नियमात घाला. आणि सत्कार ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, ठेवायचा तर खुशाल ठेवा ('दर्पण' १८३२ साली त्याच तारखेला निघालं), पैसे मात्र जुलै-ऑगस्टमध्येच खात्यात जाऊ द्या. जानेवारीत मिळालेल्या चेकचा फोटो तेवढा चांगला येतो.

गोदाकाठची : दोघांचेही आभार. भावाला वाचून दाखवलं, तो गप्प आहे, म्हणजे पटलं. आप्पांच्या ट्रंकेत एसटीची तिकिटं रबर लावून ठेवलेली सापडली, पाठीमागे बारीक अक्षरात गावाचं नाव आणि बातमीचा विषय. प्रवासखर्च मागायला जपली असावीत. मागितला कधीच नाही. प्रस्तावात खर्चाचा रकाना टाकतेच. एक राहिलं, वयाची अट घालू का?

सिन्नरकर : अजिबात नको. आपल्याकडे मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पत्रकारिता शिकणारे आहेत. तुमचे आप्पा आज असते तर त्याच रांगेत असते. ठेव मात्र एकाच कॉलेजकडे ठेवलीत तर बाहेरच्यांना अर्ज करता येणार नाही, तेवढं करारात 'जिल्ह्यातील कोणताही विद्यार्थी' असं घालायला लावा. संस्था कुरकुर करेल. ठेवीचा चेक त्यानंतरच द्या.