चोक बंद केला की स्कूटर बंद पडते. कार्ब्युरेटर घरी उघडावा का?

प्रश्न
माझी कार्ब्युरेटरची फोर-स्ट्रोक स्कूटर काही महिने वापराविना उभी होती. टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरले, प्लग बदलला आणि एअर फिल्टर साफ केला. आता चोक ओढल्यावर ती लगेच सुरू होते, मात्र चोक बंद करताच इंजिन बंद पडते. एक्सिलरेटर थोडा पिळून धरला तर चालू राहते. कार्ब्युरेटर मी आजवर उघडलेला नाही. तो घरी उघडावा का?

उत्तर 1
अवश्य उघडावा. एक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन चालते, याचा अर्थ एक्सिलरेटर पिळल्यावर पेट्रोल पुरवणारा मेन जेट (जेट म्हणजे बारीक छिद्राची नळी) बहुधा ठीक आहे आणि आयडलिंगला, म्हणजे एक्सिलरेटर सोडलेला असताना, पेट्रोल पुरवणारा स्लो जेट तुंबला आहे. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट थर अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्र सहज बुजवतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल आधी डब्यात काढून घ्या. जेट पितळी असल्याने खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच झिजते आणि मग जेट निघता निघत नाही. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून तो उजेडाकडे धरला की स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. पोलादी तार मात्र घालू नका, कारण छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोल आणि हवेचे मिश्रण कायमचे बिघडते.

उत्तर 2
वरील निदान पटते, तरी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड आधी वाकवून पाहावा, असे माझे मत आहे. त्यास चीर असल्यास इंजिन जादा हवा खेचते आणि लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचा उपाय काही जण सांगतात. तो कृपया करू नये.

प्रश्नकर्ता
स्लो जेट पूर्ण बुजलेला होता. साफ केल्यावर स्कूटर चोकशिवाय चालते, परंतु एक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाची रेस चटकन खाली न येता रेंगाळते.

उत्तर 2
केबल अडकत नसेल, तर मिश्रणात अजूनही हवा जास्त आहे. जोड वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक चिरा दिसल्या, तर तो बदलणेच बरे. गोंद किंवा टेप पेट्रोलपुढे टिकत नाही. त्यानंतर इंजिन चांगले गरम करून मिश्रणाचा स्क्रू फिरवत सर्वांत जास्त रेस मिळेल तिथे थांबवा आणि मग आयडलिंगच्या स्क्रूने ती खाली आणा. मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिनाच्या बाजूला असेल तर कमी होते. त्यामुळे आधी त्याची जागा पाहा.