नोकरी सांभाळून पदवी: लवकर आणि स्वस्तात पुरी करायची खरी वाट कोणती?

भोसरीचा स्टोअरकीपर (धागाकर्ता)

नोकरी करता करता ग्रॅज्युएट व्हायचंय, लवकर आणि कमी पैशांत, असं विचारणारे आमच्या कंपनीत दर जूनला भेटतात. बहुतेकांच्या खिशात एखाद्या एजंटचं पत्रक असतंच: 'एका वर्षात पदवी, परीक्षेचं टेन्शन नाही.' माझं मत ठाम आहे. पटलं नाही तर खोडून काढा.

एका वर्षात तीन वर्षांची पदवी देणारा माणूस मागच्या तारखेची मार्कशीट विकत असतो. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) बोगस विद्यापीठांची यादी लावते, ती आधी वाचा. पुढे पडताळणीत असला कागद सापडला तर पैसे जातात आणि नोकरीही जाते.

वेळ खरा वाया जातो तो वेगळ्याच ठिकाणी. मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी पुरी करायला जास्तीची मुदत मिळते आणि माणसं तिथेच रेंगाळतात. शेजारच्या लाईनवरच्या मित्राचं ग्रेड कार्ड मी पाहिलंय. पेपरला 68 गुण, पण पुढे शेरा 'नॉट कम्प्लीटेड', कारण त्या विषयाची असाइनमेंट दिलेलीच नाही. पेपर पास होऊन विषय अडकलेला. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) बऱ्याच विषयांना असाइनमेंटचे 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेचे 70 टक्के धरतात, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे लोकांची वर्षं जातात.

म्हणून माझा आराखडा साधा आहे. इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ धरा, फी वर्षाला काही हजारांत बसते. बऱ्याच खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन बीबीएला सगळे मिळून लाखाच्या वर मोजावे लागतात. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तो अभ्यासक्रम त्याच सत्रासाठी मान्य आहे का ते बघा. डीईबी आयडी (त्याच विभागाचा, प्रवेशाला लागणारा क्रमांक) स्वतः काढा, एजंटच्या हातात मोबाइल देऊ नका. आधी कॉलेज अर्धवट सोडलं असेल तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे पास झालेल्या विषयांची क्रेडिट (श्रेयांक) साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, काय जमा आहे ते तपासा. 2021-22 पासूनची क्रेडिट तिथे धरतात आणि ती सात वर्षं टिकतात. एवढं केलं की मग एकही असाइनमेंट, एकही परीक्षा फॉर्म चुकवायचा नाही. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांत, यापेक्षा जवळची सरळ वाट नाही.

रात्रपाळी_एमपीएससी

दादा, एजंटबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'यापेक्षा जवळची वाट नाही' हे पटत नाही. यूजीसीने 2025 च्या नियमांत वेगवान पदवीची सोय दिलीय. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पुरी करता येते आणि नोकरीसाठी ती नेहमीच्या पदवीइतकीच धरतात. शिवाय स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स आहेत. शिकायला फुकट, परीक्षेपुरते पैसे, त्यातल्या एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या) कोर्सला हजार रुपये. सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेऊ देण्याची मुभा 2021 पासून विद्यापीठांना आहे. मला राज्यसेवेच्या अर्जात पदवीचा रकाना भरायचाय. तिथे पदवी मान्यताप्राप्त आहे का एवढंच बघतात, कॉलेज कुठलं ते नाही. मग सहा महिने वाचत असतील तर का सोडू?

भोसरीचा स्टोअरकीपर

सहा महिने वाचवायचे तर ते कोणाला मिळतात तेही बघ. त्या योजनेत मंजूर जागांच्या 10 टक्के विद्यार्थीच घेता येतात आणि पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर कॉलेजची समिती निवड करते. बारा तासांची पाळी करणाऱ्याने त्यावर आपलं गणित मांडू नये. आणि तुला एवढी घाई कशाला? शेवटच्या वर्षाला असलेल्यांना पूर्वपरीक्षेला बसता येतं.

समंत्रक_बाई_सातारा

मी अभ्यासकेंद्रावर रविवारी अर्थशास्त्र शिकवते. तुमच्या दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट मला खटकते. पदवी म्हणजे अडथळ्यांची शर्यत आणि ती कशी पार करायची, एवढाच विचार चाललाय.

स्वयमचं सांगते. 40 टक्क्यांची मुभा विद्यापीठाला आहे, विद्यार्थ्याला नाही. तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स आधी मंजूर केला नसेल तर प्रमाणपत्र हातात असूनही क्रेडिट मिळणार नाही. आमच्याकडे एक मुलगा असं प्रमाणपत्र घेऊन आला होता. बारा आठवडे मनापासून केलेला कोर्स, केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा, आणि मार्कशीटमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे संपर्कसत्रं. पन्नास जणांची नोंदणी असते, वर्गात सहा-सात जण. असाइनमेंट एकमेकांच्या बघून उतरवतात, चुकांसकट. मागणीच्या लवचिकतेच्या उत्तरात एकाने 12 ऐवजी 21 लिहिलं, ते पुढच्या आठ जणांच्या वह्यांत जसंच्या तसं आलं. अशी पदवी तीन वर्षांत झाली काय आणि अडीच वर्षांत झाली काय. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांत कळतं. वेळ वाचवायचाच असेल तर सत्रांना बसा, दोन तासांत जे समजतं त्याला घरी आठवडा जातो.

चाकण_डिप्लोमा

बाई, अर्थशास्त्राला हे ठीक आहे. माझा प्रश्न वेगळा. मेकॅनिकल डिप्लोमा करून सुपरवायझर आहे, पुढे बीई लागते. 'ऑनलाइन बीटेक, विकेंड क्लास' असे मेसेज रोज येतात. घ्यावं का?

समंत्रक_बाई_सातारा

अजिबात नको. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्यांना ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून परवानगीच नाही. डिप्लोमावाल्याला दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश असतोच. त्यातही एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) 2023-24 पासून मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला परवानगी दिलीय. जवळच्या कोणत्या कॉलेजात ते चालतात ते विचारा. खर्च जास्त येईल, पण बीकॉम करून बीईची जागा भरत नाही.

दोन_लेकरांची_आई

मला मूळ धाग्यालाच विरोध करायचाय. 'एकही फॉर्म चुकवायचा नाही' हे लिहायला सोपं आहे. माझी धाकटी झाली त्या सत्रात मी एकही पेपर दिला नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा दोनच दिले. तीन वर्षांत झालं नाही म्हणजे रेंगाळले, असं कोणी म्हटलं की माझ्यासारख्या बायका फॉर्मच भरत नाहीत. ज्यादा मुदत आमच्यासाठीच तर आहे. घड्याळ लावून पळायचं असतं तर मी कॉलेजलाच गेले नसते का? स्वस्त हवं, हो. लवकर हवं हे प्रत्येकाचं नसतं.

भोसरीचा स्टोअरकीपर

ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण माझा रोख तुमच्यावर नाही. विचार करून एक सत्र सोडणं वेगळं आणि असाइनमेंटची तारीखच माहीत नसल्याने सत्र जाणं वेगळं. तुम्ही दोनच पेपर दिले, तर त्याच दोन विषयांच्या असाइनमेंट दिल्या होत्या ना?

दोन_लेकरांची_आई

हो, दोन्ही दिल्या होत्या. बाकीच्या विषयांच्या नंतर नव्या सत्राच्या प्रश्नांवर पुन्हा लिहिल्या. हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं, जुन्या प्रश्नांवर लिहिलेल्या वह्या केंद्रावरून परत आल्या.

समंत्रक_बाई_सातारा

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. असाइनमेंट कोणत्या सत्राची आहे ते पहिल्या पानावर छापलेलं असतं, लिहायला घेण्याआधी बघा. आणि जमा केल्याची पावती केंद्रावरून शिक्का मारून घ्या. गुण चढले नाहीत तर दाद मागायला तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो.

रात्रपाळी_एमपीएससी

बाई, ऑनलाइन अपलोड केली तर पावती कशी?

समंत्रक_बाई_सातारा

अपलोड झाल्यावर जो मेल किंवा पोचक्रमांक येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, विषयाचा कोड आणि तारीख दिसेल असा. निकाल लागेपर्यंत डिलीट करू नका.