स्ट्रिंग (प्रोग्राममधला मजकूर) जागच्या जागी बदलू द्यावी का? आणि लांबी नक्की कशाची मोजायची?

इंटरप्रिटरवाला: छोट्या स्क्रिप्टिंग भाषेचा इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून चालवणारं सॉफ्टवेअर) सी मध्ये लिहितोय. स्ट्रिंग आतून यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत साठवायची पद्धत), एवढं पक्कं. घोडं दोन ठिकाणी अडलंय: तिसरं अक्षर थेट बदलू द्यावं का, आणि लांबी विचारल्यावर बाइट सांगावेत, कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) की डोळ्यांना दिसणारी अक्षरं? मजकूर मराठी-इंग्रजी सरमिसळ असेल.

बाइटबाबा: बदलू देऊ नका. रोमन अक्षर १ बाइटचं, देवनागरी ३ बाइटचं. एकाच्या जागी दुसरं बसवायचं तर पुढचा सगळा मजकूर सरकवावा लागतो. बफर (मजकुरासाठी राखलेली मेमरी) अपुरा पडला तर नवी जागा घ्यायची, आणि जुन्या पत्त्यावरचे पॉइंटर लटकले. शिवाय मॅपमध्ये (की-मूल्य जोड्यांच्या साठ्यात) 'की' म्हणून वापरलेली स्ट्रिंग बदलली, तर तिचा हॅश (नोंदीचा खण ठरवणारा आकडा) बदलतो, नोंद जुन्याच खणात राहते आणि शोधून सापडत नाही. अपरिवर्तनीय असेल तर हॅश एकदाच काढून ठेवता येतो.

मात्र बिल्डर (तुकडे जोडून स्ट्रिंग तयार करणारं साधन) वेगळा द्याच. लूपमध्ये जोडत गेलं की दर वेळी आधीचं सगळं कॉपी होतं, म्हणजे खर्च वर्गाच्या पटीत. भरला की दुप्पट होणारा बफर ठेवा, शेवटी गोठवा.

सबस्ट्रिंगने मूळ मेमरी वाटून घ्यावी का, याचाही विचार आत्ताच करा. २० बाइटच्या तुकड्यापायी ५० एमबीची फाइल मेमरीत अडकून राहते. जावाने ७ अपडेट ६ पासून याच कारणाने प्रत काढायला सुरुवात केली.

जोडाक्षर: लांबीचं बघा. 'क्षत्रिय' म्हणजे २४ बाइट, ८ कोडपॉइंट. पायथन ८ सांगतं, गो आणि रस्ट २४. दिसणारी अक्षरं ३, पण ती युनिकोड १५.१ च्या नियमाने. त्याआधीच्या नियमाने क्, ष, त्, रि, य अशी ५ व्हायची. स्विफ्टसारखं हे भाषेच्या गाभ्यात घातलंत, तर युनिकोडचे तक्ते अद्ययावत केल्यावर तोच प्रोग्राम वेगळा आकडा देईल. गाभ्यात बाइटच ठेवा, नावही 'बाइटलांबी' असंच द्या. अक्षरं तोडणारा इटरेटर (एकेक अक्षर क्रमाने देणारं साधन) लायब्ररीत.

इंटरप्रिटरवाला: पटलं. मग तुलना करताना आपोआप एनएफसी (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणणारा युनिकोडचा नियम) करू का?

जोडाक्षर: नको. समानता बाइटवरच, एनएफसीचं फंक्शन वेगळं. तेही सगळं सांभाळत नाही. ऱ एका कोडपॉइंटचा किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब), हे दोन्ही एनएफसीने एक होतात. पण ॲ आणि 'अ अधिक ॅ' वेगळेच राहतात.

बाइटबाबा: आणि 'दऱ्या' काही कीबोर्ड र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य असं लिहितात. एनएफसी त्याला हात लावत नाही. शोधासाठी म्हणून झेडडब्ल्यूजे सरसकट उडवलात तर 'दर्या' उरतो, डोंगरातून थेट समुद्रात! आधी तो क्रम ऱ अधिक हलन्त असा बदला, मगच उरलेले झेडडब्ल्यूजे काढा. टेस्टमध्ये हे दोन शब्द घालाच.