पैसे कधी लागणार, ते आधी ठरवा

"वय तिशीचं आहे, तर सगळं इक्विटीत (म्हणजे शेअर बाजारात) टाका" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. जानेवारी २००८ मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास. बाबांनी ताईच्या लग्नाचे पैसे तेव्हा इक्विटीच्या म्युच्युअल फंडातच ठेवले होते. मुहूर्त ठरलेला, हॉलचा ॲडव्हान्स दिलेला. निम्म्या किमतीत फंडाचे युनिट विकावे लागले. शंभराचे चाळीस झाले की परत शंभर व्हायला १५० टक्के वाढ लागते हो! तीन-चार वर्षांत लागणारी रक्कम एफडीतच बरी. उरलेली खुशाल इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात) घाला, पण इक्विटी आणि सुरक्षित ठेवी यांचं ठरवलेलं प्रमाण वर्षातून एकदा जागेवर आणा. माझं साठ-चाळीस आहे: साठ टक्के इक्विटी, चाळीस टक्के सुरक्षित ठेवी. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा त्याच चाळीसमधून थोडे काढून इक्विटीत टाकता आले.