खबीब आकडा जपायला थांबला म्हणणाऱ्यांसाठी

हौद्यातला

'सर्वात मोठा लढवय्या कोण' या धाग्यावर काल सदासुखी यांनी लिहिलं की मिश्र मार्शल आर्ट्सचा (एमएमए) रशियन लढवय्या खबीब नुर्मागोमेदोव २९-० वर, म्हणजे २९ विजय आणि एकही हार नाही अशा ठिकाणी थांबला तो आकडा जपायला. खरा पैलवान हरेपर्यंत लढतो, आईला दिलेला शब्द वगैरे सगळं कॅमेऱ्यासाठी होतं. हे वाचून रात्री झोप लागली नाही. दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

२४ ऑक्टोबर २०२०, अबू धाबी. कोविडमुळे रिकामं सभागृह. समोर जस्टिन गेची, मांड्या फोडणाऱ्या लाथांचा माणूस. दुसऱ्या राउंडला खबीबने त्याला खाली घेतलं, छातीवर बसला आणि तिथून पायांत मान अडकवून गळा आवळला. गेचीने टॅप केलं (हार मानली म्हणून हाताने थोपटलं), पंचाच्या लगेच लक्षात आलं नाही, गेची बेशुद्ध पडला. जिंकल्यावर हा माणूस नाचला नाही. मधोमध गुडघ्यावर बसून जमिनीला कपाळ टेकवून रडला. वडील अब्दुलमनाप ३ जुलैला कोविडनंतरच्या गुंतागुंतीत गेले होते, चार महिनेही झाले नव्हते. हातमोजे काढून तिथेच ठेवले आणि माइकवर सांगितलं की वडिलांशिवाय मी लढू नये असं आईला वाटतं, ही शेवटची असा शब्द तिला दिलाय. वय ३२.

आकडाच जपायचा होता तर ३० का नाही केला? वडिलांचीच इच्छा होती की तिसावी लढत कॅनडाचा जुना विजेता जॉर्ज सेंट-पियरेशी व्हावी आणि ३०-० वर थांबावं. या लढती भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकन संस्थेचे प्रमुख डेना व्हाइट पुढचे पाच महिने त्याच्या मागे लागले होते. मार्च २०२१ मध्ये विजेतेपदाचा पट्टा सोडला तेव्हा कुठे तो विषय संपला. पैसा समोर होता, गोल आकडा समोर होता, दोन्ही ठेवून माणूस घरी गेला.

रशियातल्या दागेस्तानात खबीबच्या घराच्या तळमजल्यावरच तालीम होती. बाप आणि वस्ताद एकच. हे काय असतं ते मी जवळून बघितलंय. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद हौद्याच्या काठाला पालथ्या घमेल्यावर बसायचे. बोलायचे कमी. माझ्या चुलतभावाने पट चुकीचा काढला की नुसतं घमेल्यावर बोट वाजवायचे, तेवढ्यात त्याला कळायचं. वस्ताद गेले तेव्हा भाऊ २३ वर्षांचा होता, चार जत्रांची सुपारी घेतलेली. एक जत्रा केली, जिंकला, घरी येऊन लंगोट धुऊन दोरीवर टाकला तो पुन्हा बांधला नाही. ते घमेलं वर्षभर कुणी हलवलं नाही. गावात एकानेही त्याला पळपुटा म्हटलं नाही.

सदासुखी

मी लिहिलेलं नीट मांडल्याबद्दल आभार, निदान उलटंसुलटं केलं नाहीत. आता माझं ऐका.

एक, २०१२ ची ग्लायसन टिबाऊची लढत. खबीबला त्याला एकदाही खाली पाडता आलं नाही आणि तिन्ही पंचांनी खबीबला ३०-२७ दिलं, म्हणजे तिन्ही राउंड त्याचेच. पुन्हा लावून बघा आणि छातीवर हात ठेवून सांगा. दोन, पट्टा फक्त तीन वेळा राखला. मॅकग्रेगर, पॉरिए, गेची. सेंट-पियरे २००७ मध्ये मॅट सेराकडून हरला, वर्षभराने त्याच सेराला हरवून पट्टा परत आणला आणि चार वर्षं बाहेर राहून २०१७ मध्ये वरच्या वजनात जिंकला. पडून उठलेला माणूस मला मोठा वाटतो. न पडलेल्याची परीक्षाच झालेली नसते.

तीन, वडील. वडिलांना अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता. यूएफसीमध्ये ते त्याच्या कॉर्नरला (जाळीबाहेर सल्ला द्यायला) पहिल्यांदा बसले सप्टेंबर २०१९ मध्ये, अबू धाबीला, पॉरिएच्या लढतीत. तिथल्या बाकी सगळ्या लढती तो वडील शेजारी नसतानाच लढला. कॉर्नरला अमेरिकेतले प्रशिक्षक हाविएर मेंडेस असायचे. मग 'वडिलांशिवाय लढणार नाही' याचा अर्थ काय?

आणि शेवटचं. माझे वडील गेले तेव्हा मी कारखान्यात लेथवर होतो. चौदाव्या दिवशी पाळीवर उभा. हात थरथरत होते, जॉब दोनदा रिजेक्ट झाला, सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. मला कुणी विचारलं नाही की थांबायचंय का. म्हणून ज्याला थांबता येतं त्याच्या थांबण्याला लोक देव्हाऱ्यात बसवतात तेव्हा मला त्रास होतो.

पहाटेचा गजर

गेली बारा वर्षं रविवारी पहाटे उठून हे बघतोय, म्हणून थोडी भर. 'त्याच वजनातल्या टोनी फर्ग्युसनला घाबरला' हेही कुणीतरी लिहिणारच, आधीच सांगतो. ती लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. २०१५ ला खबीबची बरगडी, २०१६ ला फर्ग्युसनच्या फुफ्फुसात पाणी, २०१७ ला खबीब वजन उतरवताना हॉस्पिटलात, २०१८ ला फर्ग्युसन स्टुडिओत केबलला अडखळून गुडघा फोडून बसला, २०२० ला कोविड. दोन याच्या, दोन त्याच्या, एक जगाची.

२०१८ च्या एप्रिलची परिस्थितीही आठवा. फर्ग्युसन गेला, बदली आलेला होलोवे वजनासाठी बाद झाला, शेवटी आदल्या दिवशी आयक्विंटा उभा केला. मधेच मॅकग्रेगरने ब्रुकलिनला खबीब बसलेल्या बसवर हातगाडी फेकली, काच फुटून दुसरेच दोन लढवय्ये जखमी झाले. त्या आठवड्यात हा माणूस तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांना 'हो' म्हणाला. घाबरणारा 'हो' म्हणत नाही.

पैलवानाची आई

मी इथे फारशी लिहीत नाही. पण वर 'वजन उतरवताना हॉस्पिटलात' हे तुम्ही बरगडी आणि केबलच्या मधे एका ओळीत टाकून पुढे गेलात, ते माझ्याच्याने वाचवलं नाही.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. ४६ किलोत खेळते. निवड चाचणीच्या आधी सव्वा किलो जास्त भरलं. मे महिना. कोचनी तिला दोन स्वेटरवर रेनकोट घालून मैदानात पळवलं, पाणी बंद, तोंडातली थुंकी बाटलीत टाकायला लावली म्हणजे तेवढंही वजन जाईल. संध्याकाळी एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली असं मला वाटलं. ती झोपली नव्हती. जीभ पांढरी, ओठांना भेगा, हाक मारली तर डोळे उघडेनात. कंडक्टरने बस दवाखान्यापाशी थांबवली. दुसऱ्या दिवशी कोच मला काय म्हणाले असतील? 'ताई, खबीबचंही असं झालं होतं. मोठ्यांचं असंच असतं.'

तुमचा हा मोठा माणूस माझ्या घरात असा आला.

हौद्यातला

ताई, वाचून वाईट वाटलं. त्या कोचला हौद्यात उतरू देऊ नये. पण हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे मी सर्वात आधी लिहीन. इथे निवृत्तीबद्दल चाललंय.

पैलवानाची आई

नाही, वेगळा विषय नाही. वस्ताद गेले म्हणून लंगोट दोरीवर टाकणारा भाऊ तुम्हाला दिसतो आणि वस्तादच पोरीचं पाणी बंद करतो ते दिसत नाही? वस्ताद म्हटलं की तुमचे डोळे भरून येतात. माझे त्या एसटीत भरून आले होते.

गुडघ्याची वाटी

फिजिओ आहे, कुस्तीच्या पोरांबरोबर काम करतो. ताईंचा मुद्दा इथलाच आहे, कारण लोक दोन खेळांची पद्धत एकच समजतात आणि मुलं भोगतात.

यूएफसीत वजन लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी होतं. म्हणजे पाणी, मीठ, भात पोटात घालून शरीर भरून काढायला जवळपास दीड दिवस मिळतो. म्हणूनच ते एवढं वजन उतरवायचं धाडस करतात. ऑलिम्पिक कुस्तीत वजन त्याच दिवशी सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर पुन्हा. पॅरिसला ७ ऑगस्ट २०२४ ला विनेश ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने बाद झाली ती या दुसऱ्या वजनाला. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकल्या होत्या, खाणंपिणं पोटात गेलं होतं, रात्रभर झटूनही उतरलं नाही. त्याच स्पर्धेत अमन सहरावतने उपांत्य फेरीनंतर एका रात्रीत साडेचार किलोच्या वर उतरवलं आणि कांस्य आणलं. आपण एकीसाठी रडलो, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. शरीरावर दोन्ही वेळा एकच प्रयोग झाला.

डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या वजन उतरवताना गेला. २१ वर्षांचा होता. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संस्थेने पाणी कमी करून वजन उतरवण्यावर बंदी आणली, वजनाबरोबर लघवीचीही तपासणी सुरू केली, शरीरात पुरेसं पाणी नसेल तर पास नाही. तो नियम शाळेच्या स्पर्धेत पाहिजे. १६ वर्षांच्या मुलीच्या अंगातून सव्वा लिटर पाणी काढायचा हक्क कुठल्याच वस्तादाला नाही.

सदासुखी

धन्यवाद डॉक्टर. आता हेच पुढे न्या. २०१३ मध्ये ट्रुहियोविरुद्ध खबीबने २१ वेळा खाली घेतलं, तो विक्रम सगळे सांगतात. त्याच लढतीला याचं वजन जास्त भरलं होतं हे कुणी सांगत नाही. ७० किलोच्या गटात उतरून एरवी त्याहून कितीतरी जड असलेला माणूस अंगावर बसला की कोण उठणार? हे तंत्र की वजन?

हौद्यातला

आता मात्र डोकं फिरलं. तुम्ही आयुष्यात कधी लंगोट बांधलाय का हो? कुणाच्या खाली पडून श्वास घ्यायचा प्रयत्न केलाय? वजनाने माणूस दबतो, अडकत नाही. खबीब जाळीला टेकवून समोरच्याचे दोन्ही पाय स्वतःच्या पायांत बांधायचा, मग त्याचं एक मनगट त्याच्याच पाठीमागून धरायचा, आणि मोकळ्या हाताने तोंडावर मारायचा. उठायला हात पाहिजे, हात नाही. सरकायला पाय पाहिजे, पाय नाही. आमच्याकडे सवारी भरून बसलेला मल्ल असाच तीळ तीळ करून जोर काढून घेतो. गेचीही ७० किलोचाच होता, तोही वजन उतरवूनच आला होता. सगळेच उतरवतात. मग बाकीचे का नाही झाले २९-०?

सदासुखी

नाही बांधला. २२ वर्षं लेथ चालवला. लंगोट न बांधणाऱ्याने बोलायचं नाही असा नियम असेल तर तिकिटं तरी कुणाला विकणार? खेळ बघणाऱ्यांच्याच जिवावर चालतो. उत्तर द्यायचं तर मुद्द्याला द्या, माझ्या अंगाला देऊ नका.

पहाटेचा गजर

हमरीतुमरीवर येऊ नका, दोघांनाही मी इथे वर्षानुवर्षं वाचतोय.

माझी खबीबवरची खरी तक्रार वेगळी आहे. ६ ऑक्टोबर २०१८, लास वेगास. मॅकग्रेगर चौथ्या राउंडला टॅप झाला. धर्मावरून, बापावरून, देशावरून महिनाभर बोललेल्या माणसाला चोख उत्तर मिळालं होतं. तिथे थांबला असता तर? जाळीवरून उडी मारून समोरच्या कॉर्नरच्या माणसावर गेला. नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिने बंदी घातली. 'लोक जाळीवरून उडी मारल्याचं बोलतात, बसचं का नाही' असं तो म्हणाला, ते मला पटतं. तरी माझ्या दहा वर्षांच्या पोराने ती उडी बघितली आणि शाळेत बाकावरून तशीच मारली. दोन टाके.

गुडघ्याची वाटी

थांबण्याबद्दल एकच सांगतो. यूएफसीचा जुना विजेता चक लिडेल ४८ व्या वर्षी परत आला, टिटो ऑर्टिझने पहिल्याच राउंडला निपचित पाडला. बी.जे. पेन दोन वजनांचा विजेता, शेवटच्या सात लढती ओळीने हरला. माझ्याकडे चाळिशीतले मल्ल येतात, मान वळत नाही, बोटं मुडपत नाहीत, तरी जत्रा आली की 'डॉक्टर, एवढी एकच' म्हणतात. ३२ व्या वर्षी चालत बाहेर पडलेला माणूस बघून मला तरी बरं वाटलं.

हौद्यातला

सदासुखी, लंगोटाचं बोललो ते चुकलं, मागे घेतो. टिबाऊची लढत काल रात्री पुन्हा बघितली. ३०-२७ नव्हती. जास्तीत जास्त २९-२८, आणि तीही टिबाऊला दिली असती तर मी भांडलो नसतो. हे लिहायला बोटं जड होतायत.

पण वडिलांचं तुम्हाला कळलेलं नाही. कॉर्नरला बसणं म्हणजे वस्ताद नव्हे. आमचे वस्ताद दूरच्या जत्रांना यायचेच नाहीत, गुडघे गेले होते. भाऊ कुस्ती करून रात्री दीडला परत यायचा तेव्हा म्हातारा तालमीच्या पायरीवर जागा असायचा. कुणाला सांगायचं, हे संपलं की लढायचं कशाला. खबीबचंही तेवढंच असावं असं मला वाटतं.

सदासुखी

पायरीचं कळलं. माझे वडील पहिल्या पाळीला जाताना डबा स्वतः भरायचे, तो नंतर कुणी भरला नाही.

'आकडा जपायला' हे मागे घेतो. तीस समोर असताना सोडले, तो मुद्दा मला खोडता आला नाही, दोन दिवस प्रयत्न केला. सर्वात मोठा मात्र म्हणणार नाही. सेंट-पियरेच.

पैलवानाची आई

परवा तिला ४९ मध्ये उतरवलं. कोच बदलला. सकाळी वजनाआधी पोटभर पोहे खाऊन गेली, काटा ४७.८००. पहिलीच कुस्ती हरली. समोरची पोर हाताने जाड होती. हरून आली, माझ्या शेजारी फरशीवर बसली, अख्खी बाटली पाणी प्यायली आणि विचारलं, आई, माझं काय चुकलं तू बघितलंस का. मला कुठे कळतंय.

हौद्यातला

चितपट झाली की गुणांवर?

पैलवानाची आई

गुणांवर. ६-४. शेवटचे दोन गुण अगदी शेवटच्या काही सेकंदांत गेले, पट काढायला गेली आणि डोकं आतल्या बाजूला राहिलं, असं नवीन सर म्हणाले.

हौद्यातला

डोकं बाहेर ठेवायला सांगा, बरगडीला चिकटवून. रोज पन्नास वेळा, दोन्ही बाजूंनी. व्हिडिओ असेल तर इथे टाका, बघून लिहितो.