मॉरिस मायनरचा खालचा पत्रा गंजलाय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या घरी आजोबांची १९५८ची मॉरिस मायनर गाडी बारा पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. (ताडपत्रीनेच घात केला, ओल आतच राहिली.) ९४८ सीसीचं इंजिन हाताने फिरतंय, ते नंतर बघू. खरं दुखणं दारांखालच्या पट्ट्यांचं: स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार, आणि फरशीवर मूठभर तांबडा भुगा. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच भार पेलते. मग कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करावेत, की जॅकवर भागेल? एकदा बॉडी वाकली की दारं लागायची नाहीत.

सातपूर-अंबडकडे पातळ पत्र्याचं मिग वेल्डिंग (मशीनमधून तार आपोआप पुढे येते ते) नीट करणारं कोणी आहे का? मागच्याने मडगार्डला भोकंच पाडून दिली. आई म्हणते भंगारात द्या. तेवढं सोडून काहीही सुचवा.