प्रतिसाद: किल्ला नसलेल्या गावांचं काय?

किल्ला किंवा राजवाडा नसलेल्या खेड्याला पर्यटनातून काही मिळत नाही, हे वरचं मत मला पटत नाही. बेल्जियममधलं रेदू बघा. आर्देनच्या डोंगराळ भागातलं जेमतेम काहीशे वस्तीचं शेतकरी गाव. १९८४ साली वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध गावाचं पाहून तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं निघाली, तीही रिकाम्या पडलेल्या गोठ्यांत आणि कोठारांत! नवं बांधकाम फारसं लागलंच नाही, आणि माझ्या मते खरी हुशारी तीच.

मात्र पुढे पुस्तकविक्री ऑनलाइन गेली आणि त्यातली बरीच दुकानं बंद झाली. महाबळेश्वरजवळच्या आपल्या भिलारलाही २०१७ मध्ये हे-ऑन-वायवरूनच पुस्तकांचं गाव केलं, पण तिथे पुस्तकं विकत नाहीत, घराघरांत बसून वाचू देतात. म्हणजे गावकऱ्यांची कमाई राहण्या-जेवणाच्या सोयीतूनच व्हायला हवी.